आधी वहीत, मग महासंगणकावर



महासंगणकाविषयी बोला, असं निमंत्रणात लिहिलं होतं. पण इथं उभं राहिल्यावर समोर दिसते ती भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. तिथं आमच्या सरांचा नियम होता: प्रोग्रॅम आधी वहीत उतरवायचा, लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांच्या, प्रत्येक फेरीत कोणत्या चलाची किंमत काय होते याचा तक्ता पेन्सिलीनं करायचा, आणि सरांची सही झाली की मगच कीबोर्डला हात लावायचा. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगतो, हवामानाच्या प्रारूपांवर काम करताना आजही माझ्या टेबलावर ती वही असते.

आता महासंगणकाकडे वळू. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि तिथं १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्याची ताकद एकाच बलाढ्य प्रोसेसरमध्ये नव्हती. अनेक छोटे प्रोसेसर मिळून काम वाटून घेत. पण सगळंच काम वाटता येत नाही. संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांनी १९६७ सालीच हा मुद्दा मांडला होता. प्रोग्रॅमचा ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर हजारो प्रोसेसर जुंपले तरी वेग वीसपटीपुढे जात नाही.

आणखी एक गंमत बघा. फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा मोठं कोष्टक मेमरीत स्तंभाला स्तंभ जोडून ठेवते, सी भाषा ओळीला ओळ. फोरट्रानमध्ये ते ओळीनं वाचत गेलात, तर प्रोसेसरला दर आकड्यासाठी लांब उडी मारावी लागते. ओळींचा आणि स्तंभांचा अशा दोन लूपची नुसती अदलाबदल करा. उत्तर तेच येतं, वेळ मात्र कितीतरी वाचतो. तीन बाय तीनचं कोष्टक वहीत मांडलं की हे पाच मिनिटांत कळतं.

म्हणून मुलांनो, आग्रहानं सांगतो, आधी वहीत लिहा. हल्ली मागितला की कोड तयार मिळतो. जरूर घ्या, पण एक फेरी हातानं करून बघितल्याशिवाय चालवू नका. उत्तर चुकलं, तर कुठं चुकलं हे शोधायला तीच फेरी कामी येते. पालकांनो, मुलगी कागदावर आकडे मांडत बसली तर तिला वेळखाऊ म्हणू नका.

आणि प्राचार्य मॅडम, संगणक प्रयोगशाळा पाचला बंद होते, असं मघाशी मुलं सांगत होती. ती आठपर्यंत उघडी राहू द्या. एसटीनं जाणाऱ्यांच्या शेवटच्या गाडीची वेळ तेवढी बघून घ्या.