शिबिर संपल्यानंतरचे गाव



24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ झाला. त्याच सुमारास बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी भरविण्यास प्रारंभ केला. ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या रणरणत्या उन्हात, शहरी विद्यार्थी कुदळ-फावडे हाती घेऊ लागले.

उन्हाळाच का? शेते मोकळी असतात. आणि मृगाच्या सरींपूर्वी समपातळी चर खणून झाले, तरच उतारावरून धावणारे पाणी अडते, मुरते. परंतु चर हळूहळू गाळाने भरू लागतो. तोवर विद्यार्थी शहरात परतलेला असतो. गाळ उपसण्यास गावातलाच तरुण उरतो. शिबिरात त्याला केवळ पाहुण्यांच्या सरबराईस जुंपले, तर सारे श्रम वाया जातात. पाणी कोणत्या ओघळीने उतरते, हे त्यालाच अधिक ठाऊक असते. आखणीत त्याला अग्रस्थान द्यावे; विद्यार्थ्याने त्याच्याकडून शिकावे.

महाविद्यालयांनी अहवालात चरांची लांबी अवश्य नोंदवावी. मात्र पुढल्या उन्हाळ्यात त्याच गावी जाऊन ते चर कोणी उपसले, हेही पाहून यावे.