कॉलेजची मुलं गावात आली, तर खरं ते सांगू या



इंजिनिअरिंगची मुलं-मुली कधीमधी गावात येतात, चूल बघतात, चार प्रश्न विचारतात. "यातून आपल्याला काय मिळणार?" असं आपल्या गटात कुणीतरी म्हणतंच. म्हणून आज आम्ही एका खऱ्या वस्तूची गोष्ट आणली आहे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एक वर्ग चालतो. गरिबाला परवडेल अशी वस्तू बनवायची आणि ती घरोघरी पोचेल असा धंदाही उभा करायचा, हा तिथला अभ्यास. 2007 साली चौघांना काम मिळालं, कमी वजनाच्या बाळांसाठी स्वस्तातली काचेची पेटी करायची.

त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला. दवाखान्यात पेट्या होत्या, पण रिकाम्या! बाळं जन्मत होती लांबच्या खेड्यांत. दवाखाना गाठेपर्यंत त्यांच्या अंगातली ऊब जायची. मग पेटीचा नाद सोडून त्यांनी बाळाला गुंडाळायची पिशवी केली. आत मेणासारख्या पदार्थाची पुडी. ती एकदा तापवली की काही तास 37 अंशांच्या आसपास ऊब राहते.

पुढचा धडा मिळाला आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यात. पुडी किती तापली ते आकड्यांत दिसायचं. एका आईनं सांगितलं, औषध कडक असतं, म्हणून डॉक्टरांनी चमचाभर सांगितलं तर आम्ही अर्धाच देतो. 37 सांगाल तर आम्ही 30 वरच थांबू. तेवढी ऊब बाळाला पुरली नसती. मग आकडेच काढले. पुरेशी तापली की 'ओके' दिसेल, एवढंच ठेवलं.

बघा, ही चूक कुठल्या परीक्षेत सापडली नसती. ती एका आईनं दाखवली. त्या मुलांनीही मार्क घेऊन वस्तू कपाटात ठेवली नाही. 'एम्ब्रेस' नावाची संस्था काढून ती भारतात कामाला आली.

तेव्हा मुलं वस्तू घेऊन आली, तर भिडेपोटी "छान आहे" म्हणू नका. स्वतः वापरून बघा. किंमत किती, बिघडली तर दुरुस्त कोण करणार, सुटा भाग कुठे मिळणार, हे विचारा. आपली लेक डिप्लोमाला असेल, तर तिला सांगा, प्रोजेक्ट आपल्या गावातल्या अडचणीवर कर.

आणि एक लक्षात ठेवा. बाळ कमी वजनाचं असेल, तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घाला आणि आशाताईंना लगेच बोलवा.

येतो आम्ही. नमस्कार!