गाडीखालचा तेलाचा डाग

दारांत उभी असलेली मोटार सकाळीं बाहेर काढली, म्हणजे फरशीवर मागें राहिलेला रुपयाएवढा काळा डाग आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. घरांतील मंडळी त्याकडे दोन प्रकारांनीं पाहतात. कोणी म्हणतें, "जुनी गाडी, तेल ठिबकायचेंच!" कोणी घाबरून सारें एंजिन उघडावयास सांगतें. या दोन्ही मतांहून निराळें असें कांहीं मला आज सांगावयाचें आहे, आणि तें मी पदरचे पैसे मोजून शिकलों आहें.

आमच्याकडे एक जुनी जीप होती. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं तयार झालेली ही विलीज जातीची गाडी. पुढें आपल्या देशांतहि तिची बांधणी होऊं लागली. तिचें चार सिलिंडरांचें, सुमारें २,२०० घनसेंटिमीटरांचें एंजिन साधें आणि दणकट. आमचें एंजिन झिजलें, तेव्हां एका कारखान्यांत तें नव्यानें बांधून घेतलें. महिन्याभरानें आम्ही सहकुटुंब बोरघाट चढत होतों. मध्येंच एंजिनाचा आवाज चढूं लागला, पण गाडी मात्र मंदावत चालली. मागें मालमोटारींची रांग, एका बाजूस दरी, आणि पत्नीच्या मांडीवर झोपलेली धाकटी मुलगी. कशीबशी गाडी कडेला घेऊन चाकांखालीं धोंडे लावले. वांकून पाहतों, तों क्लचच्या पेटीखालून तेल ठिबकत होतें.

हें तेल तेथें कसें आलें? एंजिनाच्या पोटांत क्रँकशाफ्ट नांवाचा दांडा असतो. पिस्टनांची खालींवर होणारी चाल तो गोल फिरण्यांत बदलतो. त्याचें मागचें टोंक एंजिनाच्या भिंतींतून बाहेर निघतें; त्यावर फ्लायव्हीलचें जड चाक बसतें आणि त्या चाकाला क्लचची तबकडी चिकटते. भिंतीच्या आंत तेलाचा सतत सडा, आणि भिंतीबाहेर मात्र सारें कोरडें हवें; कारण तबकडी तेलानें माखली, कीं ती घसरूं लागते. आंतलें तेल आंतच ठेवणारा जो पहारेकरी त्या वाटेवर बसविलेला असतो, त्याला ऑइल सील म्हणतात. वस्तु अल्पमोलाची, पण पुढें ती बिघडली, तर तिच्यापर्यंत पोहोंचावयास गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील हीं सारीं उतरवावीं लागतात. म्हणून तिची निवड एंजिन बांधतांनाच विचारानें करावयाची असते.

हे पहारेकरी सर्व एंजिनांत एकाच जातीचे नसतात. जुन्या अँबॅसडरच्या पेट्रोल एंजिनांत मागें सीलच नसे; दांड्यावर उलट्या आंट्यांची खोबण कापलेली असे, आणि दांडा फिरूं लागला कीं ती तेलाला आंत लोटी. गाडी उभी राहिली, कीं हा पहाराहि थांबे. म्हणून अशा गाडीखालीं पडलेला एखादा थेंब हा दोष मानूं नये. दुसरा प्रकार दोरीचा. ग्रॅफाइट लावलेली विणीची जाड दोरी दोन तुकड्यांत कापून, एक तुकडा एंजिनाच्या अंगांत व दुसरा खालच्या बेअरिंगच्या टोपींत बसवितात. तिसरा प्रकार रबरी ओठाचा. तो कोठें दोन अर्धुकांचा, तर कोठें अखंड कड्यासारखा असतो. शेव्हरोलेच्या लहान व्ही-आठ एंजिनाला १९८५ पर्यंत दोन अर्धुकें होतीं. १९८६ पासून अखंड कडें आलें.

आमच्या जीपला कारखान्यानें रबरी सील घातलें होतें. घाटांतील प्रसंगानंतर त्यांनीं तेंच सील पुन्हां नवें बसविलें. तीन आठवड्यांत तेल पुन्हां हजर! शेवटीं एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों आणि म्हणालों, "मिस्त्री, चांगल्यांतलें चांगलें सील घाला, पैशाकडे पाहूं नका." ते हंसून म्हणाले, "साहेब, सील नवें आहे; दांडा जुना आहे."

त्यांनीं आधीं पान्याला हात लावलाच नाहीं. एंजिनाची मागची बाजू रॉकेलनें धुवून कोरडी केली, एंजिन चालूं ठेवलें आणि दिवा घेऊन ते पाहत बसले. कारण वरच्या झांकणाच्या गॅस्केटमधून ओघळलेलें तेलहि त्याच जागीं उतरतें आणि निरपराध सीलावर आळ येतो. मग त्यांनीं एंजिनाची श्वासनळी काढून दाखविली. ती काजळीनें बुजली होती. पिस्टनांच्या बाजूंनीं खालीं उतरणाऱ्या वायूला बाहेर जाण्यास वाट नसली, म्हणजे तो आंत कोंडतो आणि मिळेल त्या फटींतून तेल बाहेर ढकलतो. अशा वेळीं उत्तम सीलहि किती टिकणार?

एंजिन उघडल्यावर त्यांनीं माझें बोट दांड्याच्या मागच्या भागावर धरलें. नख एका बारीक चरांत अडकलें. रबरी ओठ दांड्याला केवळ एका बारीक रेषेवर टेकतो. ती रेषाच चरांत आली, तर तेलाला राजमार्ग मिळाला. दांडा खरखरीत असेल, तर कानशीवर घांसल्याप्रमाणें ओठ कापला जातो. दोरी रुंद व मऊ असल्यामुळें असा लहानसा चर सांभाळून घेते. म्हणून आमच्या दांड्याला दोरी योग्य; दांडा गुळगुळीत असता, तर ओठच बरा. बेअरिंग ढिलें असल्यास मात्र दोन्ही व्यर्थ, कारण डोलणाऱ्या दांड्याला कोणतेंच सील साथ देत नाहीं.

जुन्या दोरींत पुष्कळदां ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक. म्हणून ती कोरडी खरवडूं नये, भिजवून काढावी. नवी दोरी मिस्त्रींनीं रात्रभर तेलांत ठेवली. सकाळीं ती खोबणींत घालून गोल दांडक्यानें दाबून दाबून बसविली आणि टोंकें धारदार पात्यानें सपाट कापलीं. एखादा धागा जरी टोपीखालीं राहिला, तरी टोपी नीट बसत नाहीं. पहिल्यानें दांडा जड फिरूं लागला. मी चिंतेंत पडलों, ते म्हणाले, "जड फिरूं द्या, दोरी आपली जागा करून घेते."

रबरी अर्धुकें असतील, तर ओठ एंजिनाच्या आंतल्या बाजूस, तेलाकडे, वळलेला असावा. उलटा बसला तर तो तेलाला अडविण्याऐवजीं वाट देतो. अर्धुकांचे सांधे टोपीच्या सांध्यासमोर न आणतां किंचित् सरकवावे, टोंकांना चिकटद्रव्याचा अगदीं पातळ हात द्यावा आणि ओठाला तेल लावावें. हल्लींच्या टेफ्लॉनच्या कड्यांना मात्र बहुधा हा नियम उलटा. तीं कोरडींच बसवावीं लागतात. म्हणून सीलाबरोबर आलेला कागद फेकूं नये, वाचावा.

पुढल्याच महिन्यांत आम्ही तोच घाट पुन्हां चढलों. मुलगी या वेळीं जागी होती आणि दरी पाहून टाळ्या वाजवीत होती. वर पोहोंचल्यावर मी पुन्हां वांकून पाहिलें. क्लचची पेटी कोरडी होती.

श्रोतेहो, आपण स्वतः हातांत पाना धराल असें नाहीं. पण एंजिन बांधावयास देतांना एवढें अवश्य विचारा : "दांड्यावर नख फिरवून पाहिलेंत का? श्वासनळी साफ केलीत का?" नवी वस्तु विकत मिळते, ती जेथें बसावयाची, ती जागा मात्र कोणी तरी पाहावीच लागते.