बासा, पंगास आणि आपला भाव



आम्ही धरणाकाठच्या गटातल्या बाया. पिंजऱ्यात वाढवलेला पंगास घेतो, साफ करतो, विकतो. मागच्या श्रावणात आमच्या एकुलत्या एक व्यापाऱ्याने दोन दिवस फोनच उचलला नाही. बर्फ वितळला आणि माल निम्म्या भावात गेला. तेव्हा आमच्यातल्या एकीची लेक पुण्याहून आलेली. ती म्हणाली, "आई, हॉटेलात बासा म्हणून प्लेटवर विकतात तो बहुतेक हाच मासा." आम्हाला हसूही आलं आणि रागही. मग आम्ही या माशाची माहिती काढली. तीच आज सांगतो.

हा मिशाळ मासा, म्हणजे कॅटफिशच्या जातीतला. त्याचं मूळ घर मेकाँग नदीकडे. व्हिएतनाम देशात ही नदी समुद्राला मिळते, तिथे अन जिआंग, दोंग थाप या भागांत त्याची तळीच तळी आहेत. तिथे त्याला 'त्रा' म्हणतात. बासा हा त्याचा भाऊबंद. पण परदेशी गेलेला बराचसा त्रा बासाच्याच नावाने खपला.

तिथल्या कारखान्यांत सुरी चालवणाऱ्या हातांत बायकांचे हात जास्त. दिवसभर ओल्या, गार फरशीवर उभं राहायचं. तीन किलो माशातून बिनकाट्याचं मांस निघतं साधारण एक किलो. पण उरलेलं फेकत नाहीत. डोकं आणि काटे वाळवून दळतात, त्याचं पशुखाद्य होतं. चरबीचं तेल निघतं. कातडीपासून जिलेटिन आणि कोलॅजेन करतात, ते औषधांत, सौंदर्यप्रसाधनांत जातं. पोटातला हवेचा फुगाही खायला विकतात.

हा स्वस्त माल अमेरिकेत पोचला, तेव्हा तिथले तळ्यात मासे पाळणारे शेतकरी अडचणीत आले. त्यांचंही पोट त्यावरच होतं. मग 2002 च्या कायद्याने ठरलं, की अमेरिकेतल्या कुळाच्या माशालाच 'कॅटफिश' म्हणायचं. 2003 मध्ये व्हिएतनामच्या मालावर सुमारे 37 ते 64 टक्के जादा कर बसला. मासा तोच, पण नाव गेलं आणि भावही बदलला.

आता गंमत बघा. त्याच अमेरिकेत, मिसिसिपी राज्यातल्या इंडियानोला गावी, 1990 साली मासे कापणाऱ्या कामगारांनी संप केला होता. त्यात बहुतेक कृष्णवर्णीय बाया होत्या. मजुरी कमी, आणि शौचालयाला जायलासुद्धा वेळेचं बंधन. तीन महिने त्या हटल्या नाहीत, आणि मजुरी वाढवून घेतली. म्हणजे भांडण दोन देशांच्या व्यापाऱ्यांचं असो, सुरी दोन्हीकडे बाईच्याच हातात.

व्हिएतनामचे लोक मात्र कर बसला म्हणून हात बांधून बसले नाहीत. त्यांनी युरोप, चीन, दक्षिण अमेरिका अशी गिऱ्हाइकं शोधली. आज शंभराहून जास्त देशांत त्यांचा माल जातो. एक दार लागलं तरी चूल विझत नाही, ती यामुळे.

हे ऐकून आम्ही गटाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, सगळा माल एकाच व्यापाऱ्याला द्यायचा नाही. खानावळ, आठवडी बाजार आणि व्यापारी, तिन्हीकडे थोडा थोडा. दुसरी, डोकी आणि काटे उकिरड्यावर टाकायचे नाहीत, कोंबड्यांच्या खाद्यासाठी त्यांचा उपयोग कसा करायचा ते शिकून घ्यायचं. तिसरी, मासा त्याच्या खऱ्या नावानेच विकायचा. पंगासला पंगासच म्हणायचं, पण ताजा, स्वच्छ आणि वजनाला चोख.

यंदाचा श्रावण गेला. व्यापाऱ्याने भाव पाडलाच, पण या वेळी आमच्याकडे दुसरं दार होतं. फार नाही मिळालं, पण निम्म्या भावात माल टाकावा लागला नाही.

सख्यांनो, तुमचा माल दूध असो, पापड असो की कांदा, आज घरी गेल्यावर एवढं मोजा : आपल्याला गिऱ्हाइकं किती? उत्तर 'एक' आलं, तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.

येतो आता. रामराम.