फ्रेंच कोणाला म्हणायचं?

बाहेरून येऊन फ्रान्समध्ये राहिलेल्या लोकांमुळे ‘फ्रेंच कोण’ याचं उत्तर कसं बदलत गेलं, यावर बोला असं आकाशवाणीनं सांगितलं. हा प्रश्न आपल्याकडेही निघतो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला फ्रान्सचा संघ मैदानात उतरला, की कुणीतरी म्हणतंच, ‘यातले खरे फ्रेंच किती?’ मला हे वाक्य खटकतं. आडनाव ऐकलं की माणसाचं गाव, जात सगळं ठरवून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. ती फ्रान्सकडे बघताना तरी बाजूला ठेवा.

रेमों कोपाचंच बघा. 1958 साली युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला हा पहिला फ्रेंच माणूस. मूळ आडनाव कोपाशेव्स्की, घराणं पोलंडचं. जन्म 1931 चा, उत्तर फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. पोरवयातच तो खाणीत उतरला आणि तिथल्या अपघातात डाव्या हाताचं बोट गमावून बसला.

ही पोलिश माणसं तिथं आली कशी? पहिल्या महायुद्धात फ्रान्सची तरणी पिढी कापली गेली होती, उत्तरेकडच्या खाणी उद्ध्वस्त झाल्या होत्या. कामाला माणसं हवीत म्हणून फ्रान्सनं 1919 साली पोलंडशी रीतसर करार केला. गाड्या भरभरून मजूर आले, खाणकंपन्यांनी बांधलेल्या विटांच्या चाळींत राहिले. त्यांचे पाद्री पोलिश, दुकानं पोलिश, बँडसुद्धा पोलिश. आणि शेजारच्या फ्रेंच कामगारांची तक्रार काय होती? तर हे लोक फार देवभोळे, पाद्र्यांच्या मुठीतले, हे आपल्यात कधी मिसळायचे नाहीत! लक्षात घ्या, ही तक्रार ख्रिस्ती लोकांबद्दल ख्रिस्ती शेजारी करत होते. 1930 नंतर मंदी आली, तेव्हा हजारो पोलिश कुटुंबांना आगगाडीत बसवून परत पाठवलं. जे राहिले त्यांची मुलं सरकारी शाळेत शिकली, त्याच खाणीत उतरली, त्याच मैदानांवर खेळली. आज त्या भागात पोलिश आडनावाचं कुणाला नवल वाटत नाही.

आता कायदा. कलमं सांगत बसत नाही, पण 1889 चा नागरिकत्वाचा कायदा का आला ते ऐका. उत्तरेला बेल्जियन आणि दक्षिणेला इटालियन मजुरांची वस्ती मोठी होती. त्यांची फ्रान्समध्ये जन्मलेली मुलं परदेशी ठरत, म्हणून लष्करी सेवेतून सुटत. फ्रेंच तरुण बराकीत असताना नोकऱ्या यांना मिळतात, अशी स्थानिकांची कुरकुर होती. मग संसदेनं काय केलं? त्यांना फ्रेंच करून टाकलं! आई किंवा बाप फ्रान्समध्ये जन्मलेला असेल तर मूल जन्मतःच फ्रेंच. आईबाप बाहेर जन्मलेले असतील, तर तिथंच वाढलेलं मूल सज्ञान झाल्यावर फ्रेंच. म्हणजे नागरिकत्वाचं दार उघडलं ते शेजाऱ्यांच्या कुरकुरीनं. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. पण कागदानं मनं लगेच बदलत नाहीत. चारच वर्षांनी, 1893 मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या एग-मोर्तच्या मिठागरांत जमावानं इटालियन मजुरांना ठार मारलं.

फ्रान्सची वसाहत राहिलेल्या अल्जीरियाची गोष्ट वेगळी आहे. 1865 च्या फर्मानानं तिथला मुसलमान ‘फ्रेंच’ ठरला, पण नागरिक नव्हे; नागरिक व्हायचं तर आपला धार्मिक कायदा सोडायचा. आपल्या पुदुच्चेरीतही 1881 पासून वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच कायद्याखाली येण्याची सोय होती. देश तुमचा, पण हक्क अर्धे, असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या अल्जीरियनांची नातवंडं आज मार्सेच्या वस्त्यांत राहतात. पोलिश मुलांसारखा यांचाही प्रश्न आपोआप सुटेल असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. 1993 मध्ये तर कायदा असा बदलला, की फ्रान्समध्ये जन्मलेल्या परदेशी आईबापांच्या मुलांनी सोळा ते एकवीस या वयात ‘मला फ्रेंच व्हायचंय’ असं सांगायला हवं. जिथं जन्म झाला, शाळा झाली, तिथंच अर्ज! 1998 मध्ये ती अट गेली. त्याच वर्षी झिदानच्या संघानं वर्ल्ड कप जिंकला. झिदान मार्सेचा, आईबाप अल्जीरियातले.

वेळ संपत आली, तरी मिसाक मानुशियानबद्दल बोलायलाच हवं. आर्मेनियन वंशसंहारात पोरका झालेला हा कवी आणि कामगार. त्यानं फ्रेंच नागरिकत्वासाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार आला. फ्रान्ससाठी तो नाझींशी लढला आणि 21 फेब्रुवारी 1944 ला गोळ्या झेलून गेला. बरोबर ऐंशी वर्षांनी, 2024 मध्ये, त्याला पॅरिसच्या पाँथिऑनमध्ये, राष्ट्राच्या थोरांच्या शेजारी, जागा मिळाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत, 1993 ची ती अट पुन्हा आणू पाहणारी तरतूद फ्रान्सच्या घटना परिषदेनं रद्द केली होती. तीही तत्त्वावर नव्हे, संसदीय प्रक्रियेच्या कारणावरून. त्यामुळे ती पुन्हा येऊ शकते. हिंदी महासागरातल्या मायोत या फ्रेंच बेटावर तर जन्मानं मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या अटी 2018 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये कडक केल्या आहेत. मायोतवर खरं तर वेगळं भाषण हवं.