‘आजार आधीचा होता’ म्हणून विम्याचा दावा नाकारला, तर?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



आज बचत आणि कर्जफेड बाजूला ठेवू. गाई-म्हशींच्या विम्याबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

आपल्या एका ताईंनी गटाच्या कर्जातून म्हैस घेतली. विम्याचा फॉर्म मी भरत होते. ‘मागे काही आजार?’ असा रकाना होता. ताई म्हणाल्या, “महिन्यामागं ताप आलता, दोन सुया दिल्या, आता चांगली हाय.” बरी झालीय ना, मग कशाला, म्हणून मी ‘नाही’ लिहिलं. चार महिन्यांनी म्हैस गेली. कंपनीने दवाखान्याच्या नोंदवहीतली तारीख काढली आणि पत्र पाठवलं: आजार विम्याआधीचा, माहिती लपवली, दावा नामंजूर. म्हैस कशाने मेली हे आपल्याला दाखवता आलं नाही, कारण शवविच्छेदन न करताच ती पुरली होती. ताई अजून हप्ते भरतायत. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तायांनो, ‘आधी आजारी होती’ आणि ‘त्याच आजाराने मेली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण फरक कागदावर दिसावा लागतो. म्हणून एवढं कराच:

१. झालेला आजार खरा सांगा, फॉर्मवर लिहायला लावा. जनावर बरं झाल्याचा दाखला डॉक्टरांकडून घ्या.

२. आरोग्य दाखला डॉक्टरांनी जनावर तपासूनच द्यावा. रस्त्यावर उभं राहून सही नको.

३. कानातला १२ अंकी बिल्ला जपा. पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्या. बिल्ला नाही, तर दावा नाही.

४. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लसींची नोंद ठेवा.

५. विमा सुरू झाल्यावर आजारासाठी काही दिवस थांबावं लागतं, बऱ्याच पॉलिसींत १५ दिवस. आपल्या पॉलिसीत किती, ते विचारा.

६. जनावर दगावलं तर आधी कंपनीला आणि डॉक्टरांना फोन. बिल्ला दिसेल असा फोटो काढा. शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका.

तरीही दावा नाकारला, तर गप्प बसू नका. कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज द्या, पोच घ्या. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’च्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

त्या ताईंसाठी मी कंपनीला पत्र दिलंय: ताईंनी ताप सांगितला होता, ‘नाही’ मी लिहिलं. उत्तर यायचंय. काय होईल ते पुढच्या सभेत सांगेन.

तोवर एक विनंती. अंगठा किंवा सही करण्याआधी भरलेला फॉर्म मोठ्याने वाचून घ्या. भरणारी मी असले, तरीसुद्धा.