सुट्या भागांतून उभा राहणारा शाळेचा संगणक



२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत खेडोपाडीच्या अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून संगणक आले. कोठे कापसाच्या हंगामात शेतकऱ्यांनी पैसे दिले, कोठे माजी विद्यार्थ्यांनी. ते संगणक आता म्हातारे झाले आहेत. त्यांतील पुष्कळांवर विंडोज १० ही प्रणाली चालते, आणि तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत हे खरे. परंतु सुरक्षिततेच्या नित्य दुरुस्त्या मिळणे थांबले. पुढील विंडोज ११ ही प्रणाली साधारणपणे २०१८ पूर्वीचे प्रोसेसर स्वीकारीत नाही. यास्तव नवीन संगणक घ्यावा, की आहे त्यातूनच व थोड्या नव्या भागांतून एक जुळवावा, हा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो. वर्गणी पुन्हा मागावयाची झाल्यास गावाला उत्तर द्यावे लागते. म्हणून तो सहज सोडून देण्याजोगा नाही.

संगणक स्वतः जुळविणे ही गोष्ट महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ साली आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक गट या कामास लागला. गटातील बहुतेकांना संगणकाचा पूर्वानुभव नव्हता. १९५६ मध्ये लहान प्रायोगिक यंत्र चालू झाले, १९६० मध्ये मोठे यंत्र कामाला लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या.

पुढे अमेरिकेने अधिक सामर्थ्याचा क्रे महासंगणक देण्याचे नाकारले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व विजय भटकर यांच्याकडे आले. ते शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे, व अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी नागपुरास घेतलेले. १९९१ मध्ये सिद्ध झालेला ‘परम ८०००’ हा महासंगणक बाजारात विकत मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश प्रोसेसरांची जुळणी करून उभारलेला होता. शाळेचे काम त्या मानाने अगदी लहान, पण जात तीच: भाग बाजारचे, जुळणी आपली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावे. जुना संगणक बाद ठरविण्यापूर्वी त्याचा कोणता अवयव थकला हे पाहणे अगत्याचे असते, कारण संपूर्ण यंत्र एकदम क्वचितच मरते. रोज सकाळी तारीख चुकीची दिसते? मदरबोर्डवरील तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बदलावी. तिला किरकोळ पैसे पडतात. सुरू करताच टूं-टूं आवाज येऊन पडदा काळा राहतो? पुष्कळदा रॅमच्या पट्टीवर धूळ बसलेली असते. पट्टी काढून तिची सोनेरी कड साध्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसविली की काम भागते. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास पारा गेला की संगणक मध्येच बंद पडतो, याचे कारण बहुधा काळ्या मातीच्या धुळीने बुजलेला पंखा आणि प्रोसेसरवरील वाळून गेलेला उष्णतावाहक लेप हे असते. आणि सर्वांत सामान्य तक्रार, म्हणजे ‘संगणक फार मंद झाला’ ही, जुन्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमुळे असते. तिच्या जागी एसएसडी बसवून रॅम ८ जीबी केली असता दहा वर्षांचे यंत्रही चपळ होते. एवढ्यावर भागत असेल तर नवे काहीच जुळवू नये.

मदरबोर्डवरील लहान डब्यांसारखे कपॅसिटर फुगलेले दिसले तर मात्र बोर्ड गेला असे समजावे. मग बोर्ड, प्रोसेसर व रॅम ही तीन एकत्रच निवडावी लागतात. प्रोसेसर बसण्याची जागा बोर्डाबोर्डाला निराळी असते, आणि डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसतच नाही. जोर लावल्यास दोन्ही वाया जातात. काही प्रोसेसरांमध्ये चित्र दाखविण्याची सोय नसते. इंटेलच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ हे अक्षर असले तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. स्वस्त पाहून तोच आणल्याने फसगत होते. जुन्या नामांकित कंपन्यांच्या संगणकांत विजेचे जोड कधी कधी त्यांच्याच मापाचे असतात. तेव्हा जुना एसएमपीएस नव्या बोर्डाला लागेल असे गृहीत धरू नये.

जुळणी लाकडी टेबलावर करावी. प्रथम पेटीबाहेरच बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी व एसएमपीएस एवढेच जोडून पडद्यावर काही उमटते का ते पाहावे. त्यानंतरच सर्व पेटीत घालावे. पाचवी-सहावीची मुले भोवती उभी राहून पाहोत, स्क्रूची वाटी धरोत. पाठ्यपुस्तकातील चित्रापेक्षा यातून त्यांना अधिक कळेल. मात्र एसएमपीएसची पेटी कोणीही उघडू नये. बटन बंद केल्यावरही तिच्यात विद्युत्भार साठलेला राहतो. जुन्या काचेच्या मॉनिटरचेही तसेच, किंबहुना अधिक. आणि भूसंपर्क नीट नसलेल्या खोलीत कितीही चांगला संगणक ठेवला तरी त्याचे आयुष्य कमीच.

प्रणालीविषयी एक गोष्ट. लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात व जुन्या प्रोसेसरावरही चालतात. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यांत असतो. केरळमधील शाळांनी मुक्त प्रणालीवरच वर्षानुवर्षे काम केले आहे. अडचण येते ती जुन्या कागदपत्रांची. श्री-लिपी किंवा सी-डॅकच्याच आयएसएममध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका, ठराव, गुणपत्रके युनिकोडमध्ये नसतात. ती नव्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. दहा वर्षांचे लेखन अशा रीतीने डोळ्यांदेखत मुके होते, आणि हेच खरे नुकसान. यंत्राचे नुकसान त्यापुढे काहीच नव्हे. म्हणून जुने यंत्र चालू आहे तोवरच ते लेखन युनिकोडमध्ये रूपांतरित करून, पेनड्राइव्हवर दोन प्रती करून ठेवावे.

शेवटी कागदोपत्री बाजू. संगणकाची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत असल्याने निर्लेखनाची मंजुरी येईपर्यंत त्यातील एकही भाग परस्पर काढता येत नाही. भाग वापरावयाचे असल्यास प्रस्तावातच तसे लिहावे, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत जोडावा, आणि मंजुरीनंतर जुन्या नोंदीसमोर कोणता भाग कोठे गेला ते लिहावे. हार्ड डिस्कवर मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात; नुसते ‘डिलीट’ करून ती पुसली जात नाहीत. संपूर्ण डिस्क पुसणारे साधन चालवावे, ते शक्य नसल्यास तबकडीला भोके पाडावीत. उरलेले भाग भंगारवाल्याच्या हातगाडीवर न देता, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे द्यावेत आणि त्याची पावती नोंदवहीत चिकटवावी.